एका चिठ्ठीवर एकच दोष

माणूस मेल्यावर त्याच्याबद्दल वाईट लिहू नये, अशी आपल्यात रीत आहे. हटवार मेला नाही. चांगला टणटणीत आहे, म्हणून मले मोकळीक आहे.

भिलाईच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकवाले घरी आले होते. म्हणे, काका, आठवणीतल्या माणसावर काही लिहा. माही पोरगी वनिता इथंच जवळ जुनवानीत राहते, तिले वाटलं मी तिच्या आईवर लिहीन. बसलो ना बाप्पा, बसलो नाही असं नाही. पण अनसूयेचं नाव कागदावर आलं की पुढे काही येत नाही. सातवी शिकलेला माणूस मी, जन्मभर पाना-हातोडी धरली. कागद तसाच उशाखाली ठेवून द्याचा. मग एक दिवस सकाळी हटवार समोरून गेला, मानेवर ओला रुमाल, पायात कारखान्याचे जाड बूट, अन् मले समजलं की या माणसावर मी न थांबता लिहू शकतो. राग असला की माहं अक्षर सरळ येते.

तर हा गजानन हटवार. आमचाच, भंडारा जिल्ह्याकडचा. आमच्यासारखाच धानाच्या बांधीतून उठून भिलाईले, पोलाद कारखान्यात आलेला. रोलिंग मिलच्या मेंटेनन्समध्ये मी फिटर, तो प्लॅनिंगच्या खोलीत. साहेब तो कधीच नव्हता. पण फोन उचलला की म्हणते, "हटवारसाहेब बोलतो, बोला." स्वतःले साहेब म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लोकांनी आधी मजाक म्हणून साहेब म्हटलं, मग सवय पडली, अन् आता नवीन पोट्ट्यांले वाटते हा खरंच कोणी मोठा अधिकारी होता.

सेक्टर दहामध्ये आमच्या ब्लॉकसमोर नालीवर एक छोटी पुलिया आहे. रिटायर झाल्यापासून तीच त्याची कचेरी. सकाळी नळ गेला की येऊन बसते, जेवाले उठते, पुन्हा येऊन बसते. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी लोखंडी पंजाचे बूट सुटले नाहीत. भाजी घ्याले भी तेच. पेरूवाला आला की तो पाच-सहा पेरू दाबून पाहीन, एकाचा वास घेईन, अन् "कच्चे आहेत" म्हणून परत टाकीन. दाबलेले पेरू मग आम्ही खायचे. लग्नात गेला की आधी आचाऱ्याजवळ. मोठ्या गंजातली भाजी पळीनं हातावर घेऊन चाटते अन् म्हणते, मीठ कमी आहे. जगातल्या सगळ्या भाज्यांत मीठ कमी आहे. तिरडी बांधताना सुतळी कशी गुंडाळाची हे तो सांगते, बाळाचं नाव काय ठेवाचं हे तो सांगते, गाडी कुठं लावाची हे तर सांगतेच सांगते.

अन् पूर्ण ऐकून घेणं त्याच्या रक्तातच नाही. तुम्ही अर्धं वाक्य बोलले की तो तळहात वर करते, चौकातल्या पोलिसासारखा. "समजलं, समजलं." काय समजलं? माही गोष्ट तर अजून सुरूच झाली नाही. पण त्याचं उत्तर तयार.

माही बायको त्याची बाजू घेत असे. "अजी, तुमाले त्या माणसाचं काहीच चांगलं दिसत नाही. तुमी ड्यूटीवर होते तवा गॅसचं सिलेंडर कोणं आणून देल्लं? वनिताच्या लग्नात मांडवावर उभं कोण राहिलं?" खरं आहे. तो मदत करते. बोलवा नका बोलवा, येऊन उभा राहते. म्हणूनच तर त्याले कोणी थांबवत नाही. मदत न करणाऱ्या मूर्खाले लोक पहिल्याच दिवशी हाकलतात. मदत करणारा मूर्ख घरात येऊन खाटेवर बसते.

आता त्याच्या कायद्याची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

कारखान्यात मशीन बिघडली की दोषाची चिठ्ठी लिहा लागे. ती प्लॅनिंगच्या खोलीत द्याची, तिथून ती ज्या त्या टोळीले जाई. बेअरिंगची टोळी वेगळी, तेल-पाईपची वेगळी, बिजलीची वेगळी. हटवारचा कायदा होता: एका चिठ्ठीवर एकच दोष. दोन दोष लिहले तर कोणतीच टोळी चिठ्ठी घेत नाही, एकमेकांकडे ढकलतात, असं त्याचं म्हणणं. तेवढ्यापुरतं ते खरंही होतं. पण एकदा रोलरचं बेअरिंग तापून राहिलं होतं अन् त्याच्याच तेलाचा पाईप गळून राहिला होता. आमच्यातल्या कोणत्याही खलाशाले, म्हणजे हेल्परले विचारा, तो सांगीन की पाईप गळते म्हणून तेल पोचत नाही, अन् तेल पोचत नाही म्हणून बेअरिंग तापते. माह्या जोडीदारानं दोन्ही एकाच चिठ्ठीवर लिहलं. हटवारनं चिठ्ठी फाडली.

"दोन लिहून आण."

"अबे साहेब, पण ते एकच आहे ना."

तळहात वर. "समजलं. दोन लिहून आण."

दोन चिठ्ठ्या गेल्या. बेअरिंगवाले आधी आले, त्यांनी नवं बेअरिंग बसवलं अन् गेले. पाईपवाल्यांची पाळी नंतर होती. तोपर्यंत नवं बेअरिंगही जळलं. मिल बंद, वरून अधिकारी आले, आमची धुलाई झाली. हटवार चहा पीत बसून होता. म्हणे, "माह्याकडच्या दोन्ही चिठ्ठ्या बरोबर आहेत." त्याले मशीनशी घेणंदेणं नव्हतं. चिठ्ठी बरोबर पाहिजे.

अजून एक खोड सांगतो. आमच्या ब्लॉकच्या छतावर पाण्याची टाकी आहे. एका उन्हाळ्यात तो सगळ्यांले सांगत फिरला की दुपारी टाकीचा वॉल बंद ठेवा, संध्याकाळले पाणी पुरीन. चांगली गोष्ट. मी फक्त इतकं म्हटलं, "मी परवा हेच म्हणून राहिलो होतो." झालं. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः वर चढून वॉल उघडला अन् सांगत फिरला की बंद ठेवल्यानं पाईप फुटते. संध्याकाळी बाया बालट्या घेऊन खाल्ते उभ्या. अशी त्याची अक्कल. गोष्ट त्याची असली तर खरी. दुसऱ्याची निघाली की तीच गोष्ट खोटी.

अनसूयेचं दुखणं घोट्यापासून सुरू झालं. आधी डावा घोटा सुजला, लाल, गरम. मग तो उतरला अन् उजवा गुडघा फुगला. सकाळी उठली की कंबर अशी आखडलेली की भिंत धरून चालावं लागे. घरात इकडे-तिकडे काम केलं की दुपारपर्यंत सुटे. अन् त्याच्या थोडं आधीपासून तिचं पोट बिघडलेलं होतं. जेवली की धाव, उठली की धाव, बाजारात गेली तर आधी कुठं सोय आहे ते पाहा. रक्त भी पडे. ते तिनं मले लई दिवस सांगतलं नव्हतं. बाई माणूस, असं काय सांगणार. मले वाटे, लाखोरीची डाळ तिले पचत नसन.

मी तवा ड्यूटीवर. हटवार रिटायर. तो म्हणे, "देवराव, तू कामावर जा. वहिनीले मी दवाखान्यात नेतो. आपली ओळख आहे तिथं." ओळख म्हणजे चपराश्याशी. पण लाईनमध्ये तो उभा राहिला, खोटं कावून बोलू.

त्या दिवशी काय झालं ते अनसूयेनं मले रात्रीच्या जेवणाच्या वेळी सांगतलं. सांगताना ती खूश होती, की नंबर लवकर लागला. ऑटोमध्ये ती त्याले म्हणाली, "भाऊजी, माहं पोट भी बिघडून राहते. ते भी सांगू काय डॉक्टरले?"

हटवार म्हणे, "पागल झाल्या काय वहिनी? हा हड्डीचा डॉक्टर आहे. याच्यापुढे पोट काढलं की तो तुमाले पोटवाल्याकडे धाडीन. नंबर गेला, दिवस गेला. पोटाचं आपण वेगळं दाखवू. त्याची चिठ्ठी वेगळी."

तिले ते सोयीचं पडलं. परक्या माणसापुढे शौचाचं बोलणं टळलं.

अन् ऐका. तो हड्डीचा डॉक्टर चांगला होता. गुडघा पाहिला, घोटा पाहिला, कंबर वाकवून पाहिली, अन् त्यानं विचारलं. विचारलं बरं का. म्हणे, "माताजी, पेट कैसा रहता है? दस्त-वस्त?"

अनसूयेनं तोंड उघडाच्या आधी हटवार बोलला, "पेट एकदम ओके है साहब."

"आँख लाल होती है कभी?"

"नहीं साहब. सिर्फ घुटना."

डॉक्टर तरी काय करीन? त्यानं दर्दाच्या गोळ्या लिहून देल्ल्या. गोळ्यांनी गुडघ्याले आराम पडला, अन् पोट जास्त बिघडलं. थोड्या दिवसांनी हटवार पोटाची चिठ्ठी घेऊन तिले दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यानं भी विचारलं: जोड़ों में दर्द? कोई दर्द की गोली चालू है? हटवारनं सांगतलं, "नहीं साहब. इनका सिर्फ पेट." त्यानं पेचिशीचं, म्हणजे आवेचं औषध देल्लं. घरी आल्यावर मी विचारलं, "अबे, गोळ्या चालू आहेत ना तिच्या." तर म्हणे, "देवराव, तुले समजत नाही. डॉक्टरले कन्फ्यूज नाही कराचं."

असं ते चाललं. एका खिडकीतून दर्दाच्या गोळ्या, दुसऱ्या खिडकीतून पोटाच्या. वरून हटवार स्वतःच्या खिशातली गोळ्यांची पत्ती देई: "हे माह्या गुडघ्याले लागते, वहिनी. घ्या, ताकासोबत घ्या." त्याचा गुडघा म्हातारपणाचा, तिचा गुडघा कशाचा ते कोणाले ठाऊक. पण गुडघा म्हणजे गुडघा. ती वाळत चालली. बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या तरी खाल्ते येत. मी रिटायर झालो तवा घरात एक बाई नाही, बाईची सावली फिरून राहिली होती, अन् पुलियावर बसून हटवार लोकांले सांगून राहिला होता की, अनसूयावहिनीची केस मी पाहून राहिलो.

सुटका झाली ती त्याच्या गैरहजेरीत. तिचा डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. हटवार साळ्याच्या पोरीच्या लग्नाले साकोलीकडे गेला होता. फोनवर म्हणे, थांबा, मी आलो की डोळ्याचं वेगळं दाखवू. वनितानं थांबू नाही देल्लं. तिनं स्कूटीवर आईले बसवलं अन् रायपूरले एका डोळ्याच्या डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेली. मी मांगून बसनं.

ती बाई उतारवयाची होती. मशीनमधून डोळा पाहिला, मग खुर्ची मांगे सरकवून अनसूयेच्या घोट्याकडे पाहू लागली. म्हणे, "ये टखना कब से सूजा है?" अन् मग, "पेट?"

खोलीत तळहात वर करणारं कोणी नव्हतं. अनसूया माह्याकडे पाहून राहिली, मग वनिताकडे. वनिता म्हणाली, "मम्मी, बोलो ना, सब बोलो." अन् माही बायको बोलली. हिंदी तिले धड येत नव्हती, अर्धं मराठी, अर्धं छत्तीसगढी, पण घोट्यापासून रक्तापर्यंत सगळं बोलली. बोलता बोलता रडाले लागली. त्या बाईनं मधे एक शब्द टाकला नाही. मी तिथं स्टुलावर बसून होतो, अन् मले वाटलं, इतकंच पाहिजे होतं काय? कोणी चूप बसून ऐकाले?

तिनं पोटाच्या मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथं नळी टाकून आतडं पाहिलं. आतून सगळं सुजलेलं, जखमा झालेल्या. त्या डॉक्टरनं मले कागदावर चित्र काढून समजावलं. म्हणे, बाबा, हा आतड्याच्या सुजीचा रोग आहे. बाहेरून कोणता जंतू आला असं नाही, शरीर आपल्याच आतड्यावर उठते. अन् ते फक्त आतड्यावर थांबत नाही. कोणाच्या गुडघ्यात, घोट्यात, कमरेत उतरते, कोणाच्या डोळ्यात. कधी पोट आधी बिघडते, कधी सांधा. पेचिशीच्या औषधानं हे बसत नाही. अन् दर्दाच्या ज्या गोळ्या तुम्ही देऊन राहिले, त्या कित्येकांचं आतडं अजून भडकवतात. आतड्याचा इलाज केला की असे गुडघे बहुतेक आपोआप उतरतात.

मी त्याले विचारलं, "म्हणजे दोन रोग नाहीत?"

"एक ही है बाबा."

तेलाचा पाईप अन् बेअरिंग.

दर्दाच्या गोळ्या पहिल्या दिवशीच बंद झाल्या. नवं औषध सुरू झालं, अन् उतरले ना गुडघे. एक बरा काळ गेला आमचा. ती पुन्हा जमिनीवर बसून तांदळाच्या पिठाचे फरे कराले लागली. आठवडी बाजारात पायी गेली, येताना चिवड्याले मुर्रा घेऊन आली, माह्याशी भांडली की मी वांगे महाग आणतो. भांडण ऐकून मले इतकं बरं वाटलं की मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम महाग आणले.

हटवार येऊन खुर्चीत बसला. तिले चालताना पाहिलं अन् म्हणे, "पाहा वहिनी, माह्या गोळ्यांचा गुण उशिरा का होईना, लागला."

वनिता तिथंच होती. ती तिच्या सासूसमोर कधी मोठ्यानं बोलत नाही, पण त्या दिवशी तिनं त्याले सगळं सुनावलं, हिंदीत. वऱ्हांड्यात शेजारच्या बाया उभ्या होत्या, त्यांच्यासमोर. आतडं काय, सांधा काय, दर्दाची गोळी काय करते, डॉक्टर काय म्हणाला, सगळं. हटवार रुमालानं मान पुसत ऐकत राहिला. लाजला असन म्हणता काय? छे. चहा पिऊन गेला. कपात बिस्किटाचा चुरा राहिला होता, तो चमच्यानं खाऊन गेला.

मागच्या थंडीत तिचं पुन्हा भडकलं. या वेळी रक्त थांबेना. रायपूरले ऑपरेशन केलं. ती घरी आली नाही.

मी त्या डॉक्टरले विचारलं होतं की आधी आणली असती तर वाचली असती काय. तो म्हणे, सांगता येत नाही बाबा, औषध सुरू असतानाही काही लोकांत असं होते. खरा माणूस होता, म्हणून मी त्याच्यावर चिडलो नाही. पण 'सांगता येत नाही' हे तीन शब्द घेऊन मी रोज सकाळी उठतो. घरात गमत नाही. चहा दोन कप मांडतो अन् एक परत ठेवतो. हे इतकंच लिहतो तिच्यावर, जास्त लिहत नाही.

तेरवीले हटवार सकाळपासून हजर. मंडपाची दोरी त्यानं बांधली, पंगत त्यानं बसवली, गंजातली डाळ हातावर घेऊन चाटली. मीठ कमी होतं. माह्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "देवराव, आपण आपल्याकडून काही कमी केलं नाही." आपण. मी त्याचा हात खांद्यावरून काढला अन् पाणी वाढाले गेलो. तेरवीच्या दिवशी घरी आलेल्या माणसाले काय बोलणार.

आता ज्यासाठी हे लिहाले घेतलं ते.

हटवारचा पुतण्या मनीष आमच्याच ब्लॉकमध्ये वर राहते. ठेक्यावर कामाले आहे, ते काम हटवारनंच लावून देल्लं. म्हणून काका म्हणीन ते ब्रह्मवाक्य. त्याची बायको रेखा गोंदियाची, गरीब पोरगी, बोलते ते तोंडातल्या तोंडात. या उन्हाळ्यात मी बाजारातून आलो, ऊन लई होतं, दम लागला म्हणून पुलियाच्या दुसऱ्या टोकाले बसलो. इकडे हटवार, समोर रेखा उभी, मनीष मोटारसायकलवर बसलेला, एक पाय जमिनीवर. रेखाचा घोटा सुजलेला होता. डावा. लाल. मी पाहिला अन् हातातली थैली खाल्ते ठेवली.

हटवार तिले विचारून राहिला होता, "अन् पोट कसं आहे तुहं?"

रेखानं नवऱ्याकडे पाहिलं. "बिघडते काका. झाले बरेच दिवस."

"रक्त?"

तिनं मान खाली घातली अन् होकार देल्ला.

"मंग झालं तं," हटवार म्हणाला. "घोटा अन् पोट एकच भानगड असू शकते. आतड्याची सूज सांध्यात उतरते. डॉक्टरले दोन्ही सांगाचं, एका दमात, लाजाचं नाही. डोळा लाल होत असन तं ते भी सांगाचं. अन् दर्दाची गोळी आपल्या मनानं खाची नाही, ते आतडं भडकवते."

शब्दानं शब्द वनिताचा. फक्त मराठी केलेला.

मनीष म्हणे, "काका, आता सुट्टी भेटत नाही. पुढच्या महिन्यात नेतो ना."

"उद्या."

"पण काका..."

"उद्या म्हटलं ना. मी ठेकेदाराले फोन करतो."

"बरं," मनीष म्हणाला. "उद्या."

मी बसूनच होतो. मले वाटलं, चला, आयुष्यात एक गोष्ट या माणसानं बरोबर सांगतली. कुठून चोरली ते मरू दे. मी थैली उचलून उठाले लागलो, अन् हटवार पुढे बोलला. रेखाच्या डोक्यावर हात ठेवून, बापासारखा.

"हे मी अनसूयावहिनीले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. ऑटोमध्ये सांगतलं. म्हटलं, वहिनी, पोटाचं भी सांगा. पण बाई हट्टी. लाजली. ऐकलंच नाही. गेली ना मग जिवानं. तू तसं करू नको."

बोलताना तो माह्याकडे पाहून राहिला होता. डोळे चोरले नाहीत. मले वाटते त्याले ते आता खरंच वाटून राहिलं होतं. त्याच्या डोक्यात ऑटो तोच होता, बाई तीच होती, फक्त बोलणारे अदलाबदल झाले होते. असा माणूस. मेलेल्या बाईच्या तोंडातली गोष्ट काढून स्वतःच्या तोंडात घातली, अन् स्वतःची मूर्खता तिच्या कपाळावर लावली. माह्या हातात वांग्याची थैली होती. दुसरं काही असतं तर काय केलं असतं, सांगता येत नाही.

रेखा माह्याकडे वळली. भ्यालेली होती. "खरं काय काका? काकूनं ऐकलं नव्हतं?"

मनीषही पाहू लागला. त्याच्या तोंडावर दिसत होतं की सुट्टी टाळाले त्याले एक बहाणा पाहिजे. मी म्हटलं असतं की हा माणूस झूठ बोलते, तर तिथं पुलियावर तमाशा झाला असता. मनीषनं काकाची बाजू घेऊन किक मारली असती. अन् हटवारले मी ओळखतो. गोष्ट वनिताची आहे, त्याची नाही, असं चार लोकांत निघालं असतं तर संध्याकाळपर्यंत त्यानंच रेखाले सांगतलं असतं की हे सगळे डॉक्टरांचे चोचले आहेत, आधी हड्डीवाल्याले दाखव. त्यात ती पोरगी जिवानं गेली असती.

"हो," मी म्हटलं. "नाही ऐकलं तिनं. तू ऐक."

दुसऱ्या दिवशी ते गेले. तपासणी झाली, नळी टाकली, तेच निघालं. तिचं औषध सुरू आहे अन् सूज उतरून राहिली आहे, मी रोज तिच्या पायाकडे पाहतो. म्हणून आज हे लिहाले हरकत नाही. हटवार मराठी अंक वाचत नाही, त्यातले फोटो पाहते. कोणी वाचून दाखवलं तर दाखवू द्या.

त्या दिवशी मी उठलो तेव्हा तो मनीषले सांगून राहिला होता की रायपूरले गाडी कोणत्या फाटकापाशी लावाची अन् कोणत्या खिडकीत उभं राहाचं. मनीष हो हो करून राहिला होता. रेखा सुजला पाय उचलून, एका पायावर उभी राहून, त्याचा एक एक शब्द ऐकून राहिली होती.